माकडाचा पंजा ते चावीचे माकड : शोकाच्या एका वारशाचा इतिहास

१/
२१ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेत ‘द मंकी’ हा भयपट प्रदर्शित झाला. हॅल आणि बिल या जुळ्या भावांना घर सोडून गेलेल्या वडिलांच्या सामानात चावीचे एक खेळण्यातले माकड सापडते. पाठीतली चावी फिरवली की ते ढोल बडवू लागते आणि ढोल वाजला की कोणाचा तरी मृत्यू होतो. तो कोणाचा व्हावा हे चावी फिरवणाऱ्याला ठरवता येत नाही. हॅल एकदा बिलचा मृत्यू इच्छून चावी फिरवतो आणि मरते त्यांची आई.

वडिलांकडून मुलांकडे आलेली ही भेसूर वस्तू पडद्यावर नवी असली, तरी तिची वंशावळ सव्वाशे वर्षांची आहे. त्या वंशावळीत साम्राज्याची लूट आहे, गिरण्यांची यंत्रे आहेत, महायुद्धाची रणांगणे आहेत, आणि तिच्या मुळाशी भारताचे नावही आहे.

२/
या वंशाचा मूळपुरुष म्हणजे विल्यम वायमार्क जेकब्स यांची ‘द मंकीज पॉ’, अर्थात ‘माकडाचा पंजा’ ही कथा. ती सप्टेंबर १९०२ मध्ये ‘हार्पर्स मंथली’ या मासिकात प्रसिद्ध झाली.

जेकब्स यांचा जन्म १८६३ चा, लंडनमधील वॉपिंग या गोदीच्या वस्तीतला. वडील तेथील एका धक्क्याचे व्यवस्थापक. दूरदेशीची जहाजे, त्यांतून उतरणारा माल आणि खलाशांच्या गप्पा यांत त्यांचे बालपण गेले. पुढे अनेक वर्षे त्यांनी पोस्टाच्या बचत बँकेत कारकुनी केली. वाचक त्यांना ओळखत ते खलाशांच्या विनोदी गोष्टींसाठी. त्याच लेखकाच्या हातून भयकथेच्या इतिहासातील सर्वांत जास्त अनुकरण झालेल्या कथांपैकी एक लिहिली गेली.

३/
कथा अगदी लहान आहे. व्हाइट नावाचे वृद्ध दांपत्य आणि त्यांचा तरुण मुलगा हर्बर्ट. पावसाळी रात्री त्यांच्या घरी सार्जंट-मेजर मॉरिस येतो. तो २१ वर्षे भारतात नोकरी करून परतलेला असतो. त्याच्या खिशात माकडाचा एक वाळलेला पंजा असतो. एका फकिराने तो मंतरलेला आहे. तीन माणसांच्या प्रत्येकी तीन इच्छा तो पुऱ्या करतो. पहिल्या मालकाची तिसरी इच्छा मृत्यूची होती आणि त्यानंतर पंजा मॉरिसकडे आला.

म्हणजे ही वस्तू बाजारात विकत मिळालेली नाही. एकाच्या मरणानंतर ती दुसऱ्याच्या हाती पडली आहे. मॉरिस ती आगीत फेकतो आणि थोरले व्हाइट ती निखाऱ्यांतून उचलून घेतात.

४/
घरावरचे कर्ज फेडायला २०० पौंड हवेत, एवढीच व्हाइट यांची इच्छा. दुसऱ्या दिवशी कारखान्याचा माणूस दारात उभा राहतो. हर्बर्ट यंत्रात सापडून मेला आहे. कंपनी कोणतीही जबाबदारी मान्य करत नाही. मात्र मुलाच्या सेवेची जाण म्हणून आईवडिलांना काही रक्कम देऊ करते. रक्कम असते २०० पौंड.

काही दिवसांनी पोटच्या पोरासाठी झुरणारी आई नवऱ्याला दुसरी इच्छा मागायला भाग पाडते : मुलगा परत येऊ दे. मध्यरात्री दारावर थाप पडते. आई कडी काढायला धावते. यंत्राने ओळखू न येण्याइतका चिरडलेला देह पाहिलेला बाप अंधारात पंजा चाचपतो आणि तिसरी इच्छा मागतो. दार उघडते तेव्हा बाहेर निर्मनुष्य रस्ता असतो.

दारामागे कोण होते, हे जेकब्स कधीच दाखवत नाहीत.

५/
या छोट्या कथेत १९०२ च्या इंग्लंडची तीन ओझी एकवटली आहेत : वसाहतीतून आलेली वस्तू, कारखान्यातला मृत्यू, आणि मेलेल्यांशी संवाद साधण्याची शोकाकुल धडपड. त्यांचा इतिहास वेगवेगळा पाहिला की पंजा एवढा टिकाऊ का ठरला, हे उलगडत जाते.

आधी वस्तू. मंतरलेला पंजा भारतातूनच का यावा?

६/
त्याआधी ३४ वर्षे, १८६८ मध्ये, विल्की कॉलिन्स यांची ‘द मूनस्टोन’ ही कादंबरी आली होती. तिची सुरुवात ४ मे १७९९ च्या श्रीरंगपट्टणात होते. त्या दिवशी टिपू सुलतान पडला आणि शहराची लूट झाली. कादंबरीतला हर्नकॅसल हा इंग्रज अधिकारी त्या लुटीत एक पवित्र हिरा खून करून मिळवतो आणि पुढे मृत्युपत्राने तो आपल्या भाचीच्या नावे करतो. वाढदिवसाची भेट म्हणून आलेल्या या हिऱ्याने इंग्लंडमधले एक सुखवस्तू घर उद्ध्वस्त होऊ लागते. अखेरीस हिरा सोमनाथाच्या मूर्तीकडे परत जातो.

श्रीरंगपट्टणाची लूट ही इतिहासातली घटना, हिऱ्याचा शाप ही कल्पना. लुटीची जी टोचणी सरकारी कागदपत्रांत क्वचितच दिसते, ती कादंबरीत शापाच्या रूपाने आली.

७/
अशा वस्तूंची यादी महाराष्ट्रालाही लागू होते. त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानाशी निगडित असलेला ‘नाशिक हिरा’ १८१८ मध्ये तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाच्या शेवटी दुसऱ्या बाजीरावाकडून ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला. तेथून तो लंडनच्या ‘रंडेल अँड ब्रिज’ या जवाहिऱ्यांकडे पोहोचला. पुढे त्याला नव्याने पैलू पाडले गेले आणि एका धनिकाकडून दुसऱ्याकडे असा तो फिरत राहिला. १८४९ मध्ये लाहोरच्या तहाने कोहिनूर राणी व्हिक्टोरियाकडे गेला.

इंग्लंडच्या घराघरांत असे हिरे नव्हते. पण भारतात नोकरी करून परतलेला एखादा काका, मामा किंवा शेजारी बहुतेक वस्त्यांत होता. त्याच्या ट्रंकेतून काहीबाही निघत असे. मॉरिसच्या खिशातला पंजा वाचकांना ओळखीचा वाटला तो यामुळे.

८/
गंमत अशी की या ‘भारतीय’ पंजाची घडण बरीचशी युरोपीय आहे. तीन इच्छा मागून फसलेल्या माणसांची गोष्ट युरोपच्या लोककथांत जुनी आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच लेखक शार्ल पेरो यांनी तिचे एक विनोदी रूप पद्यात बांधले होते. त्यात एक लाकूडतोड्या आपल्या तीन इच्छा एका सॉसेजपायी वाया घालवतो.

कापलेल्या हाताची जादूही युरोपातली. फाशी गेलेल्या गुन्हेगाराचा वाळवलेला हात चोरांच्या कामी येतो, त्याच्या प्रभावाने घरातली माणसे जागी होत नाहीत, अशी समजूत होती. त्याला ‘हँड ऑफ ग्लोरी’ म्हणत. यॉर्कशायरमधील व्हिटबीच्या संग्रहालयात असा एक हात आजही ठेवलेला आहे. तो जवळच्याच कॅसलटन गावी एका घराच्या भिंतीत सापडला होता.

घरची भीती, पण तिच्यावर पत्ता परदेशाचा. भयकथेत हा प्रकार पुढेही वारंवार दिसतो.

९/
आता २०० पौंडांकडे वळू. कथेतला हा आकडा हवेतून आलेला नाही.

ब्रिटिश संसदेने १८९७ मध्ये कामगार भरपाई कायदा केला आणि तो जुलै १८९८ पासून लागू झाला. कामावर मृत्यू आल्यास कुटुंबाला मिळणारी रक्कम मृताच्या मागील तीन वर्षांच्या मजुरीइतकी किंवा १५० पौंड, यांपैकी जी जास्त असेल ती, मात्र ३०० पौंडांपेक्षा अधिक नाही, असे त्यात ठरले. १९०२ च्या वाचकाला म्हणूनच २०० हा आकडा अगदी व्यवहारातला वाटला असणार. कारखान्यातल्या तरुणाच्या जिवाची किंमत साधारण याच घरात होती.

फकिराचा मंत्र आणि कंपनीचा हिशोब एकाच रकमेवर येऊन ठेपतात. कथेतली सर्वांत थंडगार जागा ती आहे. पंजाने काही चमत्कार केला की यंत्राने रोजचेच काम केले, हे शेवटपर्यंत ठरत नाही.

१०/
हाच प्रश्न त्या काळी मुंबईच्या गिरणगावातही विचारला जात होता. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि हजारो कामगारांच्या वतीने सरकारनियुक्त आयोगापुढे मागण्या मांडल्या. आठवड्याची सुटी, दुपारची विश्रांती, वेळेवर पगार, यांबरोबर आणखी एक मागणी होती : कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी.

रविवारची सुटी १८९० मध्ये मिळाली. अपघाताच्या भरपाईचा कायदा भारतात यायला १९२३ साल उजाडले आणि तो लागू झाला १ जुलै १९२४ रोजी. लोखंडे १८९७ मध्येच वारले होते. मधल्या ४० वर्षांत पट्ट्यात आणि चक्रांत सापडलेल्यांच्या घरच्यांना मालकाच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागले. कथेतल्या कंपनीची भाषाही मर्जीचीच आहे : जबाबदारी नाही, पण सेवेची जाण म्हणून घ्या.

११/
तिसरे ओझे दारावरच्या थापेचे.

३१ मार्च १८४८ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिल या खेड्यात मॅगी आणि केट फॉक्स या बहिणींनी जाहीर केले की घरात ऐकू येणाऱ्या ठकठक आवाजांतून एक मृतात्मा उत्तरे देतो. त्या आवाजांतून ‘स्पिरिच्युअलिझम’ची मोठी चळवळ उभी राहिली. १८८८ मध्ये मॅगीने न्यूयॉर्कमध्ये भरसभेत कबूल केले की हे आवाज त्या पायाच्या बोटांचे सांधे वाजवून काढत असत. पुढच्या वर्षी तिने कबुलीही मागे घेतली. चळवळ थांबली नाही, कारण तिचा पाया पुराव्यावर नव्हता. मुले गमावलेल्या घरांची गरज हाच तिचा पाया होता.

जेकब्स यांच्या वाचकांसाठी अंधारातल्या ठकठकीला अशी अर्धशतकाची पार्श्वभूमी होती. थाप म्हणजे मेलेल्याची भाषा, हे त्यांना वेगळे सांगावे लागत नव्हते.

१२/
शोकाला वस्तू लागते, हेही तो काळ उघडपणे मान्य करत होता. १८६१ मध्ये पती अल्बर्ट वारल्यावर राणी व्हिक्टोरियाने १९०१ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत काळे कपडे वापरले. मृताचे केस घालून केलेली लॉकेटे लोक गळ्यात घालत. व्हिटबीजवळ मिळणाऱ्या जेट या काळ्याभोर पदार्थाचे दागिने हा तर मोठा धंदा झाला होता.

अशा लॉकेटची आणि पंजाची जात एकच. मृताच्या देहाचा अंश जिवंतांच्या हातात राहतो. फरक इतकाच की लॉकेट फक्त आठवण देते, तर पंजा ती खरी करून देण्याचे वचन देतो.

१३/
मुंबईलाही या लाटेचा स्पर्श झाला. १८७५ मध्ये न्यूयॉर्कला स्थापन झालेल्या थिऑसॉफिकल सोसायटीचे संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कट फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईत उतरले आणि गिरगावात राहिले. १८८२ मध्ये संस्थेचे केंद्र मद्रासजवळच्या अड्यारला गेले. पाश्चात्त्य गूढविद्येचे लोक रहस्याच्या शोधात भारतात येत होते आणि भारतातले सुशिक्षित त्यांच्याकडून ‘प्लँचेट’ शिकत होते. मराठी मध्यमवर्गीय घरांत प्लँचेट करण्याची हौस पुढे बराच काळ टिकली.

देवाणघेवाण अशी दुतर्फा होती. गूढ पूर्वेकडचे आणि बुद्धी पश्चिमेकडची ही वाटणी कथांत सोयीची असली, तरी इतिहासात ती टिकत नाही.

१४/
मग महायुद्ध आले आणि कथेतली आई घरोघरी दिसू लागली.

१९१५ पासून ब्रिटिश सैन्याने एक धोरण घट्ट धरले : रणांगणावर पडलेल्यांचे देह मायदेशी आणायचे नाहीत. श्रीमंताचा मुलगा परत यावा आणि गरिबाचा तेथेच राहावा, असा भेद नको, हे त्यामागचे एक कारण. मे १९१७ मध्ये इंपीरियल वॉर ग्रेव्हज कमिशन स्थापन झाले. न्यायाच्या दृष्टीने धोरण समजण्यासारखे होते, पण लाखो आईवडिलांना मुलाचा मृत्यू फक्त कागदावर पाहावा लागला.

पदार्थवैज्ञानिक सर ऑलिव्हर लॉज यांचा मुलगा रेमंड सप्टेंबर १९१५ मध्ये ईप्रजवळ पडला. रेडिओलहरींवर संशोधन केलेल्या या शास्त्रज्ञाने पुढच्याच वर्षी ‘रेमंड’ हे पुस्तक लिहून माध्यमांद्वारे मुलाशी बोलल्याचा दावा केला. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल यांनीही या पंथाच्या प्रचाराला वाहून घेतले. त्यांचा मुलगा किंग्सली १९१८ मध्ये वारला.

१५/
या शोकाला सरकारनेही एक वस्तू दिली. साम्राज्यासाठी मरण पावलेल्या प्रत्येकाच्या वारसाला काशाची एक गोल चकती पाठवण्यात आली. व्यास सुमारे १२ सेंटिमीटर. तिच्यावर ब्रिटानिया, सिंह आणि मृताचे नाव. हुद्दा मुद्दाम वगळलेला, कारण मरणात सर्व समान मानायचे होते. कडेने कोरलेल्या मजकुराचा आशय असा की याने स्वातंत्र्य आणि सन्मान यांसाठी प्राण दिले. अशा १३ लाखांहून अधिक चकत्या तयार झाल्या.

लोकांनी या चकतीला नाव ठेवले ‘डेड मॅन्स पेनी’, म्हणजे मेलेल्याचा पैसा. मुलाच्या बदल्यात २०० पौंड हातात पडलेल्या व्हाइट दांपत्याला या नावातला कडवटपणा चटकन कळला असता.

१६/
या चकत्या भारतीय सैनिकांच्या घरीही आल्या. मेसोपोटेमियातील कूत-अल-अमारा येथे वेढ्यात अडकलेल्या सहाव्या डिव्हिजनचे नावच ‘पूना डिव्हिजन’ होते. १०३वी, ११०वी आणि ११७वी या मराठा पलटणी त्यात होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने खंगलेल्या सुमारे १३ हजार जणांना शरण जावे लागले आणि पुढे कैदेत त्यांतले अनेक दगावले. कोकणातल्या आणि घाटावरच्या त्यांच्या घरी ना देह आला, ना मातीची मूठ.

मरणातल्या समानतेचे वचनही सर्वांना सारखे मिळाले नाही. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या २०२१ च्या अहवालाने मान्य केले की पहिल्या महायुद्धातील ४५ ते ५४ हजार मृतांचे स्मरण असमान पद्धतीने केले गेले. त्यांत प्रामुख्याने भारतीय, आफ्रिकी आणि इजिप्शियन होते.

१७/
पंजा आता रंगमंचावरून पडद्याकडे निघाला होता. १९०३ मध्ये लुई पार्कर यांनी कथेचे नाटक केले. मूकपटांच्या काळातच ती पडद्यावर आली आणि १९३३ मध्ये हॉलिवूडच्या आरकेओ कंपनीने तिचा बोलपट काढला.

१९७४ मध्ये बॉब क्लार्क यांचा ‘डेथड्रीम’ आला. व्हिएतनाममध्ये मुलगा मारला गेल्याचा निरोप घरी येतो आणि आई तो मानायला नकार देते. त्याच रात्री मुलगा दारात उभा असतो. येथे पंजाही नाही आणि फकीरही नाही. आईचा हट्ट हाच मंत्र. परतलेला मुलगा अबोल आणि थंड असतो आणि त्याला टिकून राहायला रक्त लागते.

५८ हजार तरुण गमावणाऱ्या अमेरिकेत या चित्रपटाने जेकब्स यांनी बंद ठेवलेले दार उघडले आणि बाहेर उभ्या असलेल्याला घरात घेतले. युद्धावरून जिवंत परतलेली, पण आतून पूर्वीची न राहिलेली मुलेही त्या काळी अनेक घरांत होतीच.

१८/
स्टीफन किंग यांच्या ‘पेट सिमेटरी’ या १९८३ च्या कादंबरीने हाच धागा पुढे नेला. त्यावरचा मेरी लँबर्ट दिग्दर्शित चित्रपट १९८९ चा. मालट्रकखाली गेलेल्या चिमुकल्या मुलाला बाप एका जुन्या दफनभूमीत पुरतो. तेथे पुरलेले परत येते, पण वेगळे होऊन.

ही दफनभूमी अमेरिकेच्या मूळ रहिवाशांची, मिकमॅक जमातीची दाखवली आहे. भारतातल्या फकिराच्या जागी येथे ज्यांची भूमी हिरावली गेली ते लोक आले. देश बदलला, पण घेतलेल्याचा हिशोब शापाने चुकवायचा ही जुनी सवय कायम राहिली.

१९/
त्याच किंग यांची ‘द मंकी’ ही कथा १९८० मध्ये मासिकात आणि नंतर ‘स्केलेटन क्रू’ या १९८५ च्या संग्रहात आली. तीतले खेळणे झांजा वाजवणारे आहे. अशी चावीची आणि बॅटरीची माकडे जपानी कारखान्यांतून लाखो घरांत पोहोचली होती. कथेतला बेपत्ता बाप व्यापारी जहाजावरचा खलाशी. माकड सापडते ते त्याने देशोदेशींहून आणलेल्या वस्तूंच्या ढिगाऱ्यात. वॉपिंगच्या धक्क्यावर वाढलेल्या जेकब्स यांच्या जगाशी हा दुवा अचूक जुळतो.

चित्रपटात बाप वैमानिक होतो आणि झांजांची जागा ढोल घेतो. दिग्दर्शक ऑस्गुड पर्किन्स. त्यांचे वडील अँथनी पर्किन्स, म्हणजे १९६० च्या ‘सायको’तले नॉर्मन बेट्स, एड्सशी निगडित आजाराने १२ सप्टेंबर १९९२ रोजी वारले. आई बेरी बेरेन्सन ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या उत्तर मनोऱ्यावर आदळलेल्या विमानात होत्या.

२०/
हा संदर्भ ठाऊक असला की चित्रपटातला क्रूर विनोद वेगळा दिसू लागतो. त्यातली मरणे इतकी विक्षिप्त आहेत की हसू येते, आणि त्यांत न्याय कुठेच नाही. व्हाइट यांनी काही मागितले होते, म्हणून मुलाच्या मृत्यूचे खापर त्यांना स्वतःवर फोडता आले. ‘द मंकी’त तेवढाही आधार उरत नाही. माकड कोणाचे ऐकत नाही.

बिलला हे सहन होत नाही. आईच्या मृत्यूला कोणीतरी जबाबदार असलेच पाहिजे, म्हणून तो भावाला दोषी ठरवतो आणि त्याला मारण्यासाठी चावी फिरवत राहतो. हॅल दुसरे टोक गाठतो. वारसा पुढे जाऊ नये म्हणून तो स्वतःच्या मुलालाच दूर ठेवतो. एकाला शोकाने सूड दिला, दुसऱ्याला दुरावा. दोघांच्याही घरात माणूस उरत नाही.

२१/
सव्वाशे वर्षांत वस्तू बदलत गेली : हिरा, पंजा, चकती, दफनभूमी, खेळणे. प्रत्येक पिढीने तिच्यात आपल्या काळचे न उलगडणारे मरण ठेवले. लुटीतले, यंत्रातले, खंदकातले, आणि आता कोणत्याही दिवशी कोणत्याही कारणाने येणारे. प्रश्न मात्र एकच राहिला : आपले माणूस का गेले, आणि याचा जाब कोणाला विचारायचा?

काही वेळा त्या प्रश्नाला खरे उत्तर होते. हर्बर्टला यंत्राने मारले आणि त्या यंत्राला मालक होता. लोखंडे यांनी तो मालक ओळखला आणि फकिराला बाजूला ठेवून कायदा मागितला. कूतच्या सैनिकांच्या बाबतीतही जाब विचारण्याजोगी माणसे होती. शापाची गोष्ट अशा वेळी जबाबदाराला लपवते, म्हणून इतिहासाच्या वाचकाने भयकथेतही मालकाचे नाव शोधावे.

२२/
आणि काही वेळा उत्तर खरोखरच नसते. त्या ठिकाणी दोन्ही ‘माकडां’च्या कथा वेगवेगळे शेवट निवडतात. व्हाइट तिसरी इच्छा मागून थाप थांबवतात. मुलाला पुन्हा एकदा गमावण्याचा निर्णय बापाला स्वतःच घ्यावा लागतो, आणि त्याची बायको दारात आकांत करत राहते.

‘द मंकी’तला हॅल माकड नष्ट करू पाहत नाही, कारण ते नष्ट होतच नाही. ते आपल्याजवळच ठेवायचे, चावीला हात लावायचा नाही, असे तो आणि त्याचा मुलगा ठरवतात. लहानपणी एका अंत्यविधीनंतर आईने जुळ्यांना सांगितलेले असते की मरण सगळ्यांनाच येते, आणि मग ती त्यांना नाचायला घेऊन गेलेली असते. शेवटी उद्ध्वस्त गावातून गाडी हाकत असताना हॅल मुलाला तेच सुचवतो. माकड मागच्या सीटवर असते.